तोंडी आदेशांची नोंदवही

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांनी जागचं काही हलवलं नव्हतं. फायलीसुद्धा त्यांच्या टेबलावर पिकत पडायच्या आणि योग्य वेळ आली की आपोआप गळायच्या. असा माणूस एका मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याजवळचा बाक हलवतो काय आणि त्यापायी अख्खं ऑफिस महिनाभर मुकं होतं काय, सगळंच आक्रीत!

झालं असं, की त्या मंगळवारी साहेब जिना चढत होते आणि हेडक्लार्क उतरत होते. साहेबांची एक पद्धत होती. महत्त्वाचं जे काही असेल ते ते जिन्यात, गाडीत बसताना किंवा बेसिनवर हात धुताना सांगत. केबिनमध्ये फक्त हवापाण्याच्या गप्पा. कागदावर त्यांची सही इतकी क्वचित उमटायची, की एकदा ती खरी वाटेना म्हणून वरच्या ऑफिसने कागद परत पाठवला होता.

"तो बाक तिथून हलवा बरं," साहेब न थांबता म्हणाले. "आजच."

कारण विचारायची गरज नव्हती. कामासाठी येणारी माणसं त्या बाकावर बसत आणि साडेदहाच्या ऑफिसला साहेब साडेअकराला येताना त्यांना समोरून दिसत. त्यातले काही आगाऊ लोक आधी साहेबांकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. साहेबांसारख्या संवेदनशील माणसाला हे सहन होणं कठीण होतं.

हेडक्लार्कांनी म्हाताऱ्या शिपायाला हाताशी घेतलं आणि दोघांनी मिळून बाक तळमजल्यावरच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नेऊन ठेवला. कंबर धरली, पण मनाला समाधान होतं. दोन महिन्यांनी अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठता हेडक्लार्कांची, गोपनीय अहवाल स्वच्छ, आणि आता साहेबांचा शब्दही झेललेला. अधीक्षकाला स्वतंत्र खोली असते, खोलीला खिडकी असते आणि दाराला पाटी असते. हेडक्लार्कांच्या बायकोने ही बातमी आपल्या बहिणीला आधीच देऊन टाकली होती, त्यामुळे बढती मिळवण्यावाचून त्यांना गत्यंतरच उरलं नव्हतं.

गुरुवारी बडेसाहेब आले.

बडेसाहेब वर्षातून तीनदा येत. अंगाने भरदार. दोन मजले चढून आले की धाप लागे आणि ते फोनवर बोलता बोलता, मागे न बघता, त्या बाकावर टेकत. बारा वर्षांची सवय. गुरुवारीही ते टेकले. बाक नव्हता. जमीन होती, पण ती जरा खाली होती.

आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. चौघांनी मिळून बडेसाहेबांना उठवलं. फोनवरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. आणि ज्या ऑफिसात रजेचा अर्ज मंजूर व्हायला आधी रजा संपावी लागे, तिथे अर्ध्या तासात हेडक्लार्कांच्या टेबलावर टाईप केलेली नोटीस येऊन पडली : 'दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयीन बाक आपण कोणाच्या आदेशाने हलविला, याची कारणे तीन दिवसांत लेखी दाखवावीत. अन्यथा आपणांस काहीही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.' खाली साहेबांची सही. चांगली ठसठशीत, वळणदार. इतकी सुंदर सही असून हा माणूस ती दडवून का ठेवतो, असा विचार हेडक्लार्कांच्या मनात आला आणि मग त्यांनी वरचा मजकूर पुन्हा वाचला.

ते तसेच केबिनमध्ये गेले.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना? परवा, जिन्यात?"

"मी?" साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की साहेब फार निष्पाप दिसत. "काय म्हणालो होतो?"

"बाक हलवा म्हणालात."

"अहो, मी म्हणालो, बाक हलतोय! एक पाय आखूड आहे त्याचा. हलतोय, बघा. तुम्ही ऐकलंत हलवा!"

"'आजच' म्हणालात, साहेब."

"आजच लक्षात आलं म्हणालो. तुम्ही अर्धंच ऐकता हो. बरं, होतं का कोणी तिथे?"

शिपाई होता. त्या मंगळवारी जिन्यात चहाचा ट्रे घेऊन मागेच उभा होता. त्याला बोलावण्यात आलं. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कोणाची निवृत्ती आधी आहे याचा मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "मला हल्ली ऐकू कमी येतं, साहेब." कोपऱ्यातल्या टेबलावर कोणी डबा उघडला तर गच्चीवरून खाली येणारा हा माणूस! हेडक्लार्कांनी त्याच्याकडे असं बघितलं, की लाज असती तर तो तिथेच बहिरा झाला असता.

बाहेर आल्यावर आस्थापनाबाई भेटल्या. नेमणुका, रजा, बढत्या यांचे सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जात. बाई कमी बोलत आणि त्याहून कमी लिहीत.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "बडेसाहेबांना एक फोन करा. 'लागलं का हो फार?' विचारा. दोन मिनिटांचं काम. नोटीस जागच्या जागी थंड होईल."

"फोन?" हेडक्लार्क म्हणाले. "अहो बाई, बोलण्यानेच तर हा घोळ झालाय. आता बोलायचं नाही."

बाईंनी खांदे उडवले आणि त्या आपल्या कामाला, म्हणजे फोनला, लागल्या.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "तोंडाने सांगितलं होतं ना त्यांनी? मग तुम्हीपण तोंडाने 'हो हो' म्हणायचं आणि बाक तिथेच राहू द्यायचा. मी सांगितलेल्या कामांचं करताच ना तसं?"

या युक्तिवादातलं तथ्य नाकारणं कठीण होतं, म्हणून हेडक्लार्क उठून शेजारी गेले. शेजारी एक निवृत्त अधीक्षक राहत. सोसायटीत त्यांना सगळे नियमकाका म्हणत. जिन्यात चपला कशा ठेवाव्यात याचंही त्यांनी परिपत्रक काढलं होतं.

"हात दाखवून अवलक्षण केलंत," नोटीस वाचून नियमकाका म्हणाले. त्यांचे डोळे आनंदाने चमकत होते. निवृत्तीनंतर इतका ताजा कागद त्यांच्या हाती लागला नव्हता. "बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं फायलीत राहतं. छत्तीस वर्षं नोकरी केली, एकदाही अडकलो नाही."

"काही केलंच नाही तर अडकणार कुठून?" आतून काकूंचा आवाज आला.

नियमकाकांनी दार लोटून घेतलं. "असं करा. एक नोंदवही घाला. तोंडी आदेशांची. साहेब जे बोलतील ते शब्दशः लिहायचं. तारीख, वेळ, ठिकाण. संध्याकाळी सहीला ठेवायचं."

"सही करणार नाहीत ते."

"नको करू देत! पोच घ्या. आवक विभागात देऊन शिक्का मारून घ्या. शिक्का पडला की शब्द कागदाला चिकटला. मग बसा म्हणावं नाकारत."

हेडक्लार्कांनी रविवारी लाल कापडी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. रकाने आखले : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, ठिकाण, साहेबांचे शब्द, शेरा. शाळेत जाणाऱ्या मुलीने विचारलं, "बाबा, शेऱ्यात काय लिहायचं?" ते म्हणाले, "आवाज चढा होता का, चष्मा कुठे होता, असं." बायकोने कपाळावर हात मारून घेतला, पण ती नोंद करण्याच्या कक्षेबाहेर होती.

सोमवारी वही सुरू झाली. 'अ. क्र. १. सकाळी ११.३५. जिना. "काय, कसं काय?" शेरा : उत्तराची अपेक्षा दिसली नाही.' 'अ. क्र. ४. दुपारी १२.१०. बेसिन. "त्या पाण्याच्या फायलीचं करून टाका." शेरा : काय करून टाकावे याचा बोध होत नाही. मार्गदर्शन व्हावे.' संध्याकाळी हेडक्लार्कांनी पानाची नक्कल काढली, आवक विभागात शिक्का मारून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली. हसले. "गंमत करता होय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते वाक्यही अनुक्रमांक नऊ म्हणून शिक्क्यानिशी त्यांच्यासमोर आलं, तेव्हा साहेबांचं हसू मावळलं.

बुधवारी साहेब म्हणाले, "आज फार उकडतंय." हेडक्लार्कांनी लिहिलं आणि शेऱ्यात विचारलं : 'हा पंखा लावण्याचा आदेश समजावा किंवा कसे?' गुरुवारी साहेब फोनवर मेव्हण्याशी बोलत होते आणि दार उघडं होतं. त्या दिवशीच्या दीड पानात साहेबांचा मेव्हणा फार वाईट दिसत होता. शुक्रवारी बडेसाहेबांच्या पडण्याचा विषय निघाला आणि साहेब टाईप करणाऱ्या बाईंना काहीतरी म्हणाले. हेडक्लार्कांनी तेही मान खाली घालून लिहून घेतलं. शब्दशः म्हणजे शब्दशः. एव्हाना त्यांची बोटं कानांनाच जोडली गेली होती, मधे डोकं लागत नव्हतं. त्या दिवसाच्या नकलेला शिक्का मारायचा मात्र राहून गेला, कारण आवक विभागातला माणूस लवकर घरी गेला होता, आणि बिनशिक्क्याची नक्कल साहेबांपुढे जायची नाही.

पुढच्या आठवड्यापासून साहेबांनी बोलणं बंद केलं.

म्हणजे अजिबात बंद. काही सांगायचं झालं तर ते खुणा करत. भुवई उचलली म्हणजे फाईल आणा, दोनदा उचलली म्हणजे चहा आणा. हेडक्लार्क डगमगले नाहीत. 'अ. क्र. ५७. मान हलविली. दिशा अनिश्चित. होकार की नकार याचा खुलासा व्हावा.' साहेबांनी मान हलवणंही सोडलं. ते खुर्चीत दगडासारखे बसून राहू लागले. ऑफिसच्या कामात यामुळे फरक पडला असं कोणी म्हणाल्याची नोंद नाही.

पण साथ पसरायला वेळ लागत नाही. बाक हलवणाऱ्याला नोटीस आली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता जो तो लेखी मागू लागला. टाईप करणाऱ्या बाईंनी शेजारच्या टेबलावरून कात्री मागितली, तर तो कारकून म्हणाला, "मागणीपत्र द्या." त्यांनी दिलं. मग कात्री परत करताना त्यांनी पोच मागितली. त्याने 'कात्री मिळाली, धार पूर्वीसारखी नाही' असा शेरा मारला. झालं, दोन दिवस दोघांचा पत्रव्यवहार! टेबलं एकमेकांना चिकटलेली, पण कागद मात्र आवक विभागातून फिरून येत. कॅन्टीनवाल्याने चहासाठी माणशी सही घ्यायला सुरुवात केली. शिपाई तर सगळ्यांच्या वरताण निघाला. आपल्याला ऐकू कमी येतं हे आता रेकॉर्डवरच आहे म्हणून त्याने पाण्याचा ग्लाससुद्धा चिठ्ठीशिवाय आणायचं नाकारलं.

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता. फक्त पेनांची कुरकुर आणि शिक्क्यांची धपधप. भेटायला येणारी माणसं आत आली की आपोआप दबक्या आवाजात बोलत. एका बाईंनी तर बाहेर चपला काढल्या.

घरीही हेडक्लार्कांची सवय सुटेना. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "मी दूध आणायला सांगितलं होतं." त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कधी? किती वाजता? कुठे उभी होतीस तेव्हा?"

बायको शांतपणे आत गेली. मुलीच्या वहीचं एक पान फाडून घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर लिहिलं होतं : 'दूध आणावे. ते आणेपर्यंत चहा मिळणार नाही. तोंडी विचारणा केल्यास तोंडी उत्तर मिळेल आणि ते सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल.' खाली सही आणि तारीख. हेडक्लार्कांनी पिशवी उचलली. जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, मसुदा नेटका आहे, एकही शब्द फुकट गेलेला नाही.

नोटिशीला मात्र त्यांनी चार पानी खुलासा दिला होता, तो 'समाधानकारक नाही' म्हणून परत आला. दुसरा आठ पानी दिला. तोही परत. नियमकाकांनी तिसऱ्याचा मसुदा स्वतः केला, बारा पानांचा, 'हलतोय' आणि 'हलवा' या दोन क्रियापदांमधला फरक उदाहरणांसह दाखवून. तो परतही आला नाही. साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिला. प्रलंबित.

आणि मग बडेसाहेबांचा तपासणी दौरा आला.

या वेळी बाक जागेवर होता. तो कोणाच्या आदेशाने परत आला हे कोणीच सांगेना. एका सकाळी तो तिथे होता, एवढंच. बडेसाहेबांनी आधी हाताने चाचपला, दाबून पाहिला आणि मगच बसले. दम खाऊन हॉलच्या दारात आले आणि थक्क होऊन उभे राहिले. वीस माणसं खाली माना घालून लिहीत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"वा!" बडेसाहेब म्हणाले. "असं ऑफिस मी जन्मात पाहिलं नाही. एवढं काम?"

साहेबांनी भुवई उचलली. त्याचा अर्थ काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बडेसाहेबांची नजर लाल वहीवर पडली. "हे काय आहे?"

"तोंडी आदेशांची नोंदवही, साहेब," हेडक्लार्क उठून उभे राहिले. त्यांची छाती वर आली होती. सव्वीस वर्षांत त्यांच्या कोणत्याही वहीकडे कोणी बडेसाहेब वळले नव्हते. "शब्दशः. वेळेसकट."

बडेसाहेबांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "काय, कसं काय... उत्तराची अपेक्षा दिसली नाही." ते खदखदून हसले. पंख्याचं वाचलं, हसले. मेव्हण्याचं वाचलं आणि डोळे पुसले. महिन्याभरात पहिल्यांदा हॉलमध्ये हसू फुटलं. साहेबही केविलवाणे हसत होते. बडेसाहेबांनी पान उलटलं. "अनुक्रमांक एकेचाळीस. शुक्रवार. टाईपबाईंच्या टेबलापाशी. साहेब म्हणाले, 'बडेसाहेब पडले ते बरंच झालं, निदान—'"

बडेसाहेबांचा आवाज थांबला. ओठ मात्र हलत राहिले. वाक्य लांब होतं. हेडक्लार्कांना ते आता आठवलं. 'निदान जिन्याला कळलं की ऑफिसवर बोजा कशाचा आहे,' असं ते वाक्य होतं. त्यापुढे शेरा होता : 'उपस्थितांत हशा.'

बडेसाहेबांनी वही मिटली. साहेबांकडे बघितलं. "जरा केबिनमध्ये या," म्हणाले. दार लागलं.

सगळ्यांनी कान टवकारले, शिपायाने तर सर्वांत जास्त. आता साहेबांची उचलबांगडी होणार, बदलीचा हुकूम निघणार, निदान नोटीस तरी! वीस मिनिटं आतून काहीच ऐकू आलं नाही. मग हसण्याचा आवाज आला. आधी एकाचा, मग दोघांचा. चहा गेला. दार उघडलं तेव्हा बडेसाहेबांचा हात साहेबांच्या खांद्यावर होता. आत काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं, कशाच्या बदल्यात काय ठरलं, याचा अक्षरभर पुरावा जगात कुठेही नाही. मोठी माणसं मोठी का असतात हे त्या बंद दाराआड लपलेलं आहे.

जाता जाता बडेसाहेब हेडक्लार्कांपाशी थांबले. "प्रामाणिक आहात. असा माणूस मिळत नाही आजकाल. अधीक्षकाची जागा रिकामी होतेय ना? तुम्हीच. झालात म्हणून समजा. माझा शब्द आहे."

हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. सगळा हॉल बघत होता. त्यांनी नुसते हात जोडले असते आणि गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण महिन्याभराची सवय जिभेवर बसली होती.

"साहेब," ते म्हणाले, "हे जरा लेखी मिळालं असतं तर..."

आस्थापनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

बडेसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. "हो, हो. का नाही?" त्यांनी खिशातून पेन काढलं, समोरचा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, सही ठोकली. वही त्यांनी 'अवलोकनार्थ' म्हणून बगलेत मारली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

हेडक्लार्क तो कागद छातीशी धरून घरी आले आणि दारातूनच शेजारी वळले. नियमकाकांनी चष्मा पुसून वाचलं : 'सदर कर्मचाऱ्याचे नाव पदोन्नतीसाठी योग्य वेळी नियमानुसार विचारात घेण्यास हरकत नसावी.'

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा एकदा, शब्द मोजत वाचल्या. मग एखाद्या डॉक्टरने नाडी सोडावी तसा त्यांनी कागद खाली ठेवला.

"'योग्य वेळी' म्हणजे आत्ता नाही. 'नियमानुसार' म्हणजे तुमच्यावर नोटीस प्रलंबित आहे ना, ती काढा. 'विचारात घेण्यास' म्हणजे नुसता विचार. आणि 'हरकत नसावी' म्हणजे..." त्यांनी हवेत हात हलवला. "हरकत आहे."

मागून आलेल्या बायकोने विचारलं, "आणि तोंडाने काय म्हणाले होते?"

"'तुम्हीच. झालात म्हणून समजा.'"

"मग समजायचं होतं की! कशाला लिहून मागितलंत?"

हेडक्लार्क नियमकाकांकडे बघत राहिले. नियमकाका छताकडे बघत राहिले. "मी साहेबांचे आदेश लेखी घ्या म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले. "बडेसाहेबांचं नाव मी काढलं नव्हतं."

तीन आठवड्यांनी अधीक्षकपदाचा आदेश निघाला. आस्थापनाबाईंच्या नावे. हेडक्लार्कांच्या नावापुढे 'नोटीस प्रलंबित' असा शेरा होता. बाईंनी काहीच लपवलं नाही. "मी फक्त फोन करत होते," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी. 'कंबर कशी आहे?' म्हणून. बढतीबद्दल मी एक शब्द काढला नाही, शपथ. कागद आपोआप आला." आणि मग जरा थांबून, "वाईट वाटलं मला तुमच्यासाठी." हे त्या मनापासून म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

शनिवारी हॉलमध्ये बाईंचा सत्कार झाला. वही गेल्यापासून ऑफिसला हळूहळू वाचा फुटली होती आणि आता महिन्याभराचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. गलका असा, की पंख्याचा आवाज ऐकू येईना. फुलं झाली, भाषणं झाली. साहेब अर्धा तास बोलले आणि त्यात काहीच म्हणाले नाहीत. मग कोणीतरी ओरडलं, "हेडक्लार्क, दोन शब्द!"

हेडक्लार्क उठले. त्यांनी रात्री जागून नव्हे, चांगलं दुपारी बसून एक पान लिहून आणलं होतं, 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' वगैरे. त्यांनी तो कागद उलगडला, एकदा पाहिला आणि घडी घालून ठेवून दिला.

"बाई लायक आहेत," ते म्हणाले. "त्या बोलतात. मी लिहीत बसलो. बाक हलवा असं मला जिन्यात सांगितलं होतं. 'हलतोय' नव्हे, 'हलवा'. साहेबांनी सांगितलं होतं, साहेब साडेअकराला येतात ते दिसू नये म्हणून. नोटीस मला मिळाली. नोटिशीखाली साहेबांनी सही केली, साडेचार वर्षांतली तिसरी. शिपाईमामांना सगळं ऐकू येतं. बडेसाहेबांबद्दल साहेब जे म्हणाले त्यावर हसलो आपण सगळेच, मी जरा जास्तच हसलो. लिहिलं तेवढं मी एकट्याने."

पहिल्या दोन वाक्यांना शांतता होती. तिसऱ्याला कोणीतरी फिस्सकन हसलं. मग मागच्या रांगेतून टाळी आली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. शिपाई सर्वांत जोरात वाजवत होता. टाईपबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बाकीचे वाजवत असताना थांबणार कसे? त्यांचा चेहरा मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. हेडक्लार्क खाली बसले तेव्हा मंगळवारपासून, म्हणजे त्या जुन्या मंगळवारपासून, पहिल्यांदाच त्यांना पोटभर श्वास घेता आला.

सोमवारी साडेअकराला साहेबांचं बोलावणं आलं. चक्क तोंडी.

"दार लावा," साहेब म्हणाले. "काय बोललात तुम्ही परवा?"

"कधी, साहेब?"

"सत्काराला!"

"बाईंचं कौतुक केलं."

"माझ्याबद्दल! माझ्याबद्दल काय बोललात?"

हेडक्लार्कांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. "गलका फार होता हो, साहेब. काय ऐकलंत आपण?"

साहेबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. जे ऐकलं ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं म्हणजे 'बाक हलवा' इथून सुरुवात करावी लागणार होती. "मी बाकीच्यांना विचारेन," ते म्हणाले.

"जरूर विचारा. शिपाईमामा समोरच होते."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोन वेळा हलला. बाहेर हॉलमध्ये कोणीतरी मोठ्याने कात्री मागत होतं आणि कोणीतरी ती नुसती फेकत होतं.

"असं करा ना, साहेब," हेडक्लार्क अत्यंत नम्रपणे म्हणाले. "मी काय बोललो असं आपल्याला वाटतं, ते सविस्तर लिहून मला नोटीस द्या. बाकाचं, साडेअकराचं, बडेसाहेबांचं, सगळं मुद्देसूद. खाली सही करा. मी तीन दिवसांत खुलासा देतो."

साहेबांनी पेनाकडे पाहिलं. पेन उचललं, टोपण काढलं, कोऱ्या कागदावर टेकवलंसुद्धा. शाईचा एक बारीक ठिपका उमटला. साहेब त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी कागदाचा चोळामोळा करून टोपलीत टाकला, पेपरवेटखालचा बारा पानी खुलासा ओढला, न वाचता त्यावर 'समाधानकारक' असं लिहिलं, सही केली आणि टेबलावरून सरकवून दिला.

"चहा घेणार?" साहेब म्हणाले.